हिरवा वेळू

नाते गावची भाताची गिरण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. घराच्या वाटणीत ती समीक्षाच्या वडिलांकडे आली आणि वडील गेल्यावर समीक्षाकडे. मुंबईत चित्रकला शिकून आलेल्या या मुलीने एक दिवस गिरणीचं कुलूप काढलं, तेव्हा गावातल्या बायका भाताच्या पाट्या डोक्यावर घेऊन हौसेने आल्या. आत बघतात तर यंत्राच्या जागी चित्रं, आणि कोपऱ्यात तिचा साथीदार, महाडचा रितेश, पत्रा बडवत बसलेला. "मग हितं भरडतंस तरी काय गो?" एकीने विचारलं. समीक्षाला ते वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिने ते दारावर रंगाने लिहून काढलं.

ही तिची खोडच होती. कुणाच्या तोंडचं चांगलं वाक्य कानावर पडलं की ते भिंतीवर चढायचं. बोलणाऱ्याला त्यातून काय सांगायचं होतं, ते विचारायला मात्र तिला सवड नसायची.

तरी तिची तळमळ खोटी होती असं कुणी म्हणू नये. मोठ्या शहरातल्या गॅलऱ्यांचा तिला वीट आला होता. गरिबाचं चित्र काढायचं आणि ते श्रीमंताच्या सोफ्यामागे टांगायचं, हा कसला धंदा, असं ती चिडून म्हणायची. चित्र ज्यांचं, त्यांच्या दाराशी ते लागलं पाहिजे आणि त्यांचं त्यातून काही काम झालं पाहिजे, म्हणून दोघांनी ही गिरण चालवायला घेतली होती. आधी त्यांनी दासगावच्या मच्छीमारांवर प्रदर्शन केलं. रायगडला निघालेल्या गाड्या थांबल्या, माणसांनी चित्रं पाहिली, वाहवा केली आणि ती गडाकडे निघून गेली. मच्छीमार होते तिथेच राहिले. ते समीक्षाला फार लागलं होतं.

म्हणून या खेपेला तिने थेट घरातलंच प्रकरण हातात घेतलं. गावामागच्या डोंगरावर धनगरांची वाडी होती, मोजक्या घरांची, गुरांवर आणि नाचणीवर जगणारी. वाडीची पायवाट समीक्षाचे चुलते कुशाबा यांच्या जमिनीतून खाली उतरायची, ती आजोबा-पणजोबांपासून. मुंबईचं एक गिऱ्हाईक जमीन बघून गेलं आणि कुशाबांनी हुरळून जाऊन खालच्या अंगाला काटेरी तार मारली, वाटेवरच्या फाटकाला कुलूप घातलं. गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही, तार मात्र राहिली. वाडीतल्यांना आता डोंगराच्या सोंडेवरून मोठा वळसा पडत होता. दुधाच्या किटल्या घेऊन धडधाकट माणूस कसाबसा उतरायचा, पण आजारी माणूस न्यायचा झाला तर देवच आठवायचा. वाडीने तहसील कचेरीत अर्ज दिले होते आणि अर्जांचं जे होतं तेच त्यांचं झालं होतं.

समीक्षाने प्रदर्शनाला नाव दिलं 'वाट'. उघड्या वाटेची चित्रं, बंद वाटेची चित्रं, वाडीतल्या माणसांचे चेहरे, आणि गिरणीच्या मधोमध टांगलेली वाडीची डोली. तहसीलदारांनी यावं, डोलीसमोर उभं राहावं आणि वाट मोकळी करून द्यावी, एवढाच तिचा हट्ट होता. डोली मागायला ती वर गेली.

डोली म्हणजे एक जाड जुना वेळू आणि त्याला झोळीसारखी बांधलेली घोंगडी. माणसाला तिच्यात निजवायचं आणि वेळूची टोकं खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचा. सगळ्या वाडीत ती एकच होती आणि नाथूच्या ओटीवर आढ्याला टांगलेली असायची. किती जणांच्या खांद्यांनी घासून तो वेळू तांबूस आणि गुळगुळीत झाला होता.

"न्या की," नाथू म्हणाला. "पेपरात फोटू येनार ना? छापून आलं म्हंजे सायबाला पन मानावंच लागंल."

नाथूचा लिहिलेल्या अक्षरावर फार विश्वास. सातवीपर्यंत शिकलेला हा गडी, चिवड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायचा नाही. त्याच्या बायकोला, संजीवनीला, सातवा महिना चालू होता. ती चुलीजवळून हसत म्हणाली, "मला अजून टायम हाय, ताई. न्या तुमी."

नाथूची आई अंबूबाई तेवढी हसली नाही. तिने विचारलं, "आनी मधीच लागली तर?"

"तर येक वेळू तोडाया काय लागतंय, आये?"

"हिरवा वेळू आमी जित्या मानसाला लावत नाय." अंबूबाई हे लेकाशी नाही, समीक्षाकडे बघून बोलली. "हिरवा तोडायचा तो मेलेल्याची ताटी बांधाया. जितं मानूस जुन्या वेळूवरनंच जायाचं. ह्या वेळूवरनं लई जन खाली गेली आनी आपल्या पायानं घरला आली, गो."

ते वाक्य समीक्षाने मनात दोनदा घोळवलं. "किती सुंदर बोललात, आजी," ती म्हणाली.

अंबूबाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि ती उठून गोठ्याकडे गेली. दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. उठून जाणं म्हणजेच नाही. समीक्षा नाते गावचीच मुलगी, तिला हे कळायला हरकत नव्हती, पण ती तोवर अक्षरं कोणत्या रंगात काढायची ते ठरवत होती.

"रविवारी संध्याकाळी मी स्वतः आणून टांगते," तिने नाथूला शब्द दिला.

रितेशने गिरणीच्या लोखंडी तुळईला डोली तारेने घट्ट आवळून बांधली, वर नटबोल्ट मारले. डोलीमागच्या पांढऱ्या भिंतीवर समीक्षाने काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'हिरवा वेळू आम्ही जित्या माणसाला लावत नाही.' लोक आत आले की आधी डोली बघत, मग वाक्य वाचत आणि पुन्हा डोलीकडे बघत. हिरकणीवाडीच्या खानावळवाल्या बायका बघून गेल्या, महाडचे मास्तर बघून गेले. खुद्द कुशाबा आले. आपल्याच तारेच्या चित्रासमोर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तार झ्याक काढलीस," ते पुतणीला म्हणाले. "खांब चुकले. माझे खांब सागाचे हायत."

"काका, वाट सोडा," समीक्षा म्हणाली.

"सायेब सांगू दे, मग बघू," म्हणून कुशाबा गेले. माणूस वाईट नव्हता. आपण होऊन माघार घेतली तर गावात नाक राहणार नाही, एवढंच त्यांचं दुखणं होतं.

तहसीलदार साहेब शनिवारी येणार होते, पण निरोप आला की मंगळवारी येतील. म्हणजे रविवारचा शब्द मोडणार.

"डोली पोहोचवून येऊ," रितेश म्हणाला. "मी दुसरा एखादा वेळू आणून टांगतो. साहेबांना काय कळतंय?"

"मला कळेल ना! खोटी डोली दाखवून खरी वाट मागायची?"

"संजीवनीचे दिवस जवळ येतायत, समीक्षा."

"अजून दोन महिने आहेत. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

नाथूचा भाऊ सोमा दूध घालायला खाली यायचा, त्याच्याबरोबर तिने निरोप धाडला. सोमा "बरं" म्हणाला. वरून काही उत्तर आलं नाही, तेव्हा कुणाची हरकत नाही असं ती धरून चालली. तिला तेच सोयीचं होतं.

मंगळवारी सकाळी साहेबांची जीप आली. दोन वार्ताहर आले, कुशाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. साहेब माणूस समजूतदार होता. डोलीखाली उभं राहून त्यांनी भिंतीवरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "यात केवढा अर्थ भरलाय!" समीक्षाचा ऊर भरून आला. तेवढ्यात सोमा दारातून आत घुसला. त्याची पोटरी तारेने फाटून रक्त वाहत होतं.

"डोली द्या," तो धापा टाकत म्हणाला. "वैनीला लई रगत चाललंय. डोली सोडा पयली."

रितेश शिडीवर चढला. नटबोल्ट इतके घट्ट बसवले होते की पाना घसरायला लागला. तार कापायला पक्कड सापडेना. समीक्षा खाली उभी राहून दोन्ही हातांनी वेळू ओढत होती, जणू ओढल्याने तो सुटणार होता. आपणच तो पक्का बांधून घ्यायला सांगितला होता हे तिला आठवत होतं, आणि तिला स्वतःच्या हातांचा राग येत होता. सोमा रडत होता. "लौकर करा ना," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

डोली सुटली तेव्हा कुशाबा केव्हाच बाहेर धावले होते. फाटकाची किल्ली घरी होती. ती आणण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्यांनी दगड घेतला आणि स्वतःच्या कुलपावर घाव घातले. "जा, जा," ते ओरडले आणि पुतणीच्या मागून आपणही चढायला लागले. पुढे सोमा आणि रितेश, त्यांच्या खांद्यावर रिकामी डोली. सगळ्यांत मागे साहेब, बूट घसरत.

अर्धा चढ चढून झाला आणि वरून माणसं उतरताना दिसली. पुढे अंबूबाई, पदर खोचलेला, हातात कोयता. तिच्यामागे नाथू आणि वाडीतला एक गडी, त्यांच्या खांद्यावर वेळू. तो नुकताच तोडलेला होता. हिरवागार, टोकाला अजून दोन पानं तशीच. त्याला बांधलेल्या घोंगडीत संजीवनी होती. तिचा हात बाहेर लोंबत होता आणि घोंगडीतून थेंब पडत होते.

"थांबा, थांबा, डोली आणली!" समीक्षा ओरडली.

"थांबू नका!" अंबूबाईचा आवाज तिच्याहून मोठा निघाला. "बदलाबदली नको आता. चला खाली."

समीक्षा वाटेतून बाजूला झाली. ते लोक तिच्या अंगावरून गेले, तशी तिला संजीवनीचे मिटलेले डोळे दिसले. त्यांच्या मागोमाग ती जुनी डोली रिकामीच डोंगर उतरली.

साहेबांनी जीप दिली. महाडच्या दवाखान्यात संजीवनी वाचली, मूल वाचलं नाही. मुलगी होती. डॉक्टरीणबाई कुणाला बोल लावत नव्हत्या. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "तासभर आधी आली असती तर."

पुढे सगळं अगदी समीक्षाच्या मनासारखं झालं, हेच वाईट. साहेबांनी वाट मोकळी करायचा हुकूम काढला. कुशाबांनी फाटक उखडून टाकलं आणि पेपरात त्यांचा फोटो आला, कुलूप फोडणारा दिलदार शेतकरी म्हणून. गिरणीचंही नाव आलं, कलेने वाट उघडली असं. मुंबईहून फोन आला. एका संस्थेचे लोक गिरण बघायला येणार होते, असल्या जागा ठिकठिकाणी उभ्या राहाव्यात म्हणून. रितेश फोनवर नुसतं "हो, हो" म्हणाला आणि दोन दिवस समीक्षाशी धड बोलला नाही.

सोमा दुधाला येत होता. त्याच्याकडूनच तिला कळलं की वर वाडीत अंबूबाईला कुणी विचारत नाही. हिरव्या वेळूनं लेकरू नेलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हातारीनेच आयुष्यभर सांगायचं की हिरवा लावू नका, आणि म्हातारीनेच कोयता घेऊन तोडायचा! नाथू सोमाची वाट बघू म्हणत होता, तिने ऐकलं नाही. आता लेक आईशी बोलत नव्हता. ती गोठ्यात निजत होती.

"आणि मला? मला काय म्हणतात?" समीक्षाने विचारलं.

"तुमाला कशाला काय म्हनतील, ताई? तुमी तर वाट दिलीत," सोमा म्हणाला.

समीक्षाला हायसं वाटलं. खरंच वाटलं, छातीवरचा दगड उतरल्यासारखं. आणि दुसऱ्याच क्षणी आपल्याला हायसं वाटलं याची तिला किळस आली.

डोली परत द्यायला ती वर गेली ती सगळं बोलून टाकायचं ठरवूनच. मोकळ्या वाटेने चढायला किती सोपं होतं! नाथूने घोंगडी झटकून डोली आढ्याला टांगली, तिला पाट दिला, चहा दिला. "आमच्या म्हातारीनं घात केला," तो म्हणाला. गोठ्याच्या दारात अंबूबाई शेण गोळा करत होती. तिने हे ऐकलं आणि मान वर केली नाही. नाही, नाथू, घात मी केला, हे शब्द समीक्षाच्या ओठांवर होते. तेवढ्यात नाथूने घडी घातलेला पेपर काढला आणि तिचं नाव बोटाने दाखवलं. समीक्षा चहा संपवून खाली आली.

दुसऱ्यांची वाक्यं लिहून लिहून आपलं बोलायचं म्हटलं की जीभ उचलत नाही, तसं तिचं झालं होतं. भित्रेपणाच होता तो, दुसरं काय.

मुंबईचे लोक यायच्या आदल्या दिवशी दुपारी संजीवनी गिरणीत आली. एकटीच, काठी टेकत. चेहरा पांढराफटक पडला होता. समीक्षा पुढे धावली, पण तिने हाताने थांबवलं आणि भिंतीसमोर उभी राहिली. डोलीची जागा मोकळी होती. वाक्य तसंच होतं. संजीवनी चौथी शिकली होती. एकेका अक्षरावरून बोट फिरवत तिने ते वाचलं.

"ह्ये खोटं हाय," ती म्हणाली.

"खोटं कसं? अंबूआजीच म्हणाल्या होत्या."

"म्हनाल्या व्हत्या. पर लावला ना? मला लावला. मी जिती व्हते आनी जिती हाय." ती भिंतीला टेकली. "आत्याबाईंनी वेळू तोडला नसता तर मी वरच मेले असते. ह्ये लिवा खाली."

समीक्षाने मान डोलावली आणि ब्रश घेतला. रितेश रंगाचा डबा धरून उभा राहिला. तिने लिहिलं: 'अंबूबाईने लावला, म्हणून संजीवनी जिवंत आहे.'

"आता डोली कुटं व्हती, त्ये लिवा."

समीक्षाचा हात थांबला. उद्या येणारी माणसं हे वाचणार. वार्ताहर वाचणार, गाव वाचणार, कुशाबा वाचणार. तिने रितेशकडे पाहिलं. तो खाली बघत होता. तिने लिहिलं: 'तेव्हा वाडीची डोली इथे टांगलेली होती.'

संजीवनीने बोट फिरवत तेही वाचलं. मग तिने मान वळवली.

"ती आपसूक टांगली गेली का, ताई?"

आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो समीक्षाच्या काळजात घुसला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. संजीवनी तिला समजवायला पुढे आली नाही. समीक्षाने फडक्याने ती ओळ पुसली, तिथे काळा डाग उठला. त्या डागावरच तिने पुन्हा लिहिलं: 'रविवारी परत द्यायची डोली मी इथे अडकवून ठेवली. समीक्षा.' अक्षरं वाकडी आली. एवढ्या भिंती रंगवल्या, पण तिचं स्वतःचं असं हे पहिलंच वाक्य होतं.

"आता ह्यांना घेऊन येते," संजीवनी काठी उचलत म्हणाली. "सोताच्या आईच्या त्वांडचं मानत न्हाईत, माझ्या त्वांडचं मानत न्हाईत. लिवल्यालं मानतात. आत्याबाईंना पन आनते." दारापर्यंत जाऊन ती वळली. "तुमी जाऊ नका कुटं. ते वाचतील तवा तुमी हितं पायजेत."

ती उघड्या वाटेने हळूहळू चढत गेली. समीक्षा शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. रितेशने दार लोटायला हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे उघडं."